वकीलबाईंना विचारा : ‘नोटिशीला उत्तर आलं, तेव्हापासून मन लागत नाही’

तालुका कोर्टात सदतीस वर्षं काढलेल्या बाईला ‘वकिलीत समाधान कुठं असतं’ असं विचारणारी पत्रं अलीकडे फार येतात. पूर्वी जमिनीची यायची. या अंकासाठी तीन निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलं; संपादकांनी कात्री लावली नाही, हे त्यांचे उपकार.

वकीलबाई, सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांचा. पुण्यात एका वित्तसंस्थेच्या विधी विभागात नोकरी करतो. ट्रॅक्टर-टेम्पोची कर्जं थकली, चेक परत आले की कलम १३८ च्या नोटिसा माझ्या टेबलावरून जातात, महिन्याला चारशेच्या आसपास. मजकूर ठरलेला, इंग्रजीत. नाव, रक्कम, तारीख कॉम्प्युटर भरतो. गेल्या पावसाळ्यात जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं उत्तर आलं, वहीच्या रेघांच्या पानावर, हातानं लिहिलेलं : ‘ट्रॅक्टर तुमची माणसं मार्चमध्ये ओढून घेऊन गेली. मग जूनमध्ये पुऱ्या रकमेचा चेक कशाला टाकला?’ आमच्याकडे ‘उत्तर आले’ किंवा ‘आले नाही’ एवढंच नोंदवता येतं. मी ‘आले’ नोंदवलं. पण तेव्हापासून मन लागत नाही. पगार चांगला आहे, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आईवडील सांगलीला असतात. नोकरी सोडून सांगलीत वकिली करावी, गोरगरिबांच्या केसेस घ्याव्यात, काहीतरी अर्थपूर्ण करावं असं वाटतं. धाडस होत नाही. — एक अस्वस्थ वाचक, पुणे

अहो, आधी तो ‘अर्थपूर्ण’ शब्द खाली ठेवा. आमच्याकडच्या कचेऱ्यांत ‘अर्थपूर्ण’ कशाला म्हणतात ते तुम्हालाही ठाऊक असेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्यापेक्षा त्या जतच्या माणसाच्याच दोन ओळींवर अडकले. तुम्हाला त्या वाचून वाईट वाटलं. मला वाटलं, हा गडी वकील व्हायला हवा होता. कारण त्यानं रडगाणं लिहिलेलं नाही, बचाव लिहिलाय. ट्रॅक्टर ओढून नेला म्हणजे पुढे तो विकला गेला असणार. विकून आलेली रक्कम त्याच्या कर्जखात्याला लागली असेल, तर जूनमध्ये देणं तेवढं कमी झालेलं होतं. चेक वटवायला टाकला त्या दिवशी चेकवरच्या रकमेएवढं कायदेशीर देणं शिल्लक असलं पाहिजे, मधल्या काळात काही रक्कम फिटली असेल तर ती हिशोबात धरली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. जतच्या माणसानं तो निकाल वाचलेला नसणार. तरी त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलंय.

आता मला सांगा, ट्रॅक्टर विकला गेला का, कितीला गेला, रक्कम खात्याला लागली का, हे तुम्हाला बसल्या जागी दिसत होतं ना? बघितलंत का? पत्रात तसं कुठं लिहिलेलं नाही. तुम्ही हळहळलात आणि नोंद केलीत. मन लागत नाही ते कामामुळे असं तुम्हाला वाटतंय. माझा अंदाज वेगळा आहे. ते काम अर्धं सोडल्यामुळे असावं.

रागावू नका. मीही हे केलेलं आहे, आणि तेही गोरगरिबांच्या केसेस चालवताना.

१९८८ ची माझी सनद. पाच-सहा वर्षांत बरी कामं यायला लागली होती. एक आजी होत्या, शेताच्या वाटेचं भांडण. पुतण्यानं बांधावर काटेरी कुंपण घातलेलं, बैलगाडी जाईना. वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, ते आम्ही केलं होतं. पुतण्या पुढे दिवाणी दाव्यात गेला. आजी डोंगराकडच्या गावातून एसटीनं यायच्या. पुकारा व्हायचा, समोरचे मुदतीचा अर्ज द्यायचे, मी पुढची तारीख चिठोऱ्यावर लिहून आजींच्या हातात द्यायची आणि दुसऱ्या फाइलीला पळायची. दीड वर्ष असं चाललं. एके दिवशी मी स्टँडवर उभी होते. पुढच्या गाडीच्या दाराशी आजी कंडक्टरला तो चिठोरा दाखवत होत्या. ‘बाळा, यात माजं काय झालं ते लिवलंय का रं?’ कंडक्टर म्हणाला, ‘आजी, नुसती तारीख हाय.’

मी त्या गाडीत चढलेच नाही. पुढच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या दिवशी कोर्टासमोरच्या स्टेशनरीवाल्याकडून छोट्या वह्यांचा गठ्ठा आणला. तेव्हापासून आजतागायत माझ्याकडचा कुठलाही पक्षकार तारखेहून परत जाताना त्याच्या हातात मराठीत लिहिलेली चिठ्ठी असते. आज काय झालं. का झालं. पुढच्या तारखेला काय व्हायचंय. तुम्ही काय आणायचं. चार-पाच ओळी, मोठ्या अक्षरात, म्हणजे घरी सातवीतली नात वाचून दाखवू शकते.

लोकांना वाटतं हा माझा चांगुलपणा. तसं काही नाही. पक्षकारांपेक्षा त्या चिठ्ठीनं मलाच जास्त पेचात पकडलं. एखाद्या दाव्यात ‘आज काही झालं नाही, समोरच्यांनी मुदत मागितली’ असं सलग चौथ्यांदा लिहायची वेळ येते, तेव्हा पेन थांबतं. मग पाचव्या तारखेला तुम्ही उभ्या राहता आणि मुदतीला हरकत घेता. दिवाणी प्रक्रिया संहितेत तेव्हाही लिहिलेलं होतं की पुरेसं कारण असल्याशिवाय तहकुबी देऊ नये. तो नियम पाठ होता. पण चिठ्ठी लिहायला लागेपर्यंत मी तो कोर्टासमोर क्वचितच काढला होता. बार रूममध्ये चहाला बसणारी चार माणसं नाराज झाली. होऊ देत.

आजींचा निकाल लागला तेव्हा त्या नव्हत्या. वाट त्यांच्या सुनेला मिळाली.

तर तुमच्याबद्दल. सांगलीला येऊ नका असं मी म्हणणार नाही, पण येऊन काय सापडेल ते आधी ऐका. इथंही १३८ च्याच ढिगानं केसेस आहेत. फरक एवढाच की बहुतेक वेळा तुम्ही जतच्या माणसाच्या बाजूला उभे असाल आणि फी मागताना तुमचीच जीभ अडखळेल. नोकरी पूर्णवेळ पगारी आहे म्हणजे तुमची सनद स्थगित असणार. पूर्णवेळ पगार घेत वकिली करता येत नाही. ती आधी पुन्हा चालू करावी लागेल. पहिली दोन वर्षं घरभाड्याएवढे पैसे सुटले तरी नशीब समजा. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम मिळेल. ते शिकवतं खूप, पण त्या मानधनावर पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता जात नाही. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसायला लागलंय, आणि सांगली त्यात येते. तरुण माणसाला तिकडे वाव आहे. पुढेमागे विचार करा.

पण त्याआधी टेबलावरचं एक काम राहिलंय.

गेल्या पावसाळ्यातलं पत्र म्हणजे फिर्याद केव्हाच दाखल झाली असेल. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१५ च्या दुरुस्तीनंतर फिर्याद कुठं चालते? चेक जमा करणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात. तुमच्या संस्थेचं खातं पुण्यात असेल तर तो जतचा माणूस रात्रीची एसटी पकडून शिवाजीनगरला तारखेला येत असणार. तुमच्या ऑफिसपासून किती लांब आहे ते?

खातं उघडा. ट्रॅक्टर विक्रीची रक्कम कधी जमा झाली, चेक कधी टाकला, त्या दिवशी बाकी किती होती, याचं एका पानाचं टिपण तयार करा आणि तुमच्या वरिष्ठांच्या टेबलावर ठेवा. भावनेची एक ओळ नको. ‘उलटतपासात ही केस टिकणार नाही, खर्च आपल्या अंगावर येईल’ असं लिहा. संस्थांना ही भाषा समजते. १३८ चा गुन्हा तडजोडीस पात्र आहे, कुठल्याही टप्प्यावर मिटवता येतो. खरी बाकी काढून लोकअदालतीत ठेवा, तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. माणूस सुटेल, तुमची फाइलही बंद होईल.

आणि दुसरं. चारशे नोटिसा इंग्रजीत कशाला? महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, घेणारा मराठी, तुम्ही सांगलीचे. खाली मराठीत चार ओळी टाकायला सांगा : किती देणं आहे, किती दिवसांत, रक्कम चुकीची वाटत असेल तर कुणाला कळवायचं, तडजोड करायची असेल तर कुठं यायचं. नाही म्हणतील. पुन्हा मांडा. मला हरकत घ्यायला पाचवी तारीख लागली होती, वर सांगितलंच.

हे दोन्ही करून वर्षभरानंतरही मन लागत नसेल, तर सांगलीच्या गाडीत बसा आणि मला कळवा. वही मी देईन.

ताई, मी ४६ वर्षांची, लातूरची. मुलं मार्गी लागल्यावर एलएल.बी. केलं, यंदा पास झाले. घरातले कौतुक करतात, पण ‘आता या वयात काळा कोट घालून काय करणार’ असंही हसत हसत म्हणतात. सनदेला वयाची अट असते का? आणि खरंच, या वयात माझा कुणाला काय उपयोग? — एक वाचक, लातूर

वयाची अट नाही. पंचेचाळीसच्या पुढच्यांना सनद द्यायची नाही असा नियम बार कौन्सिलनं एकदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच रद्द केला. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करा, अखिल भारतीय बार परीक्षा द्या. घरच्यांना सांगा, १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि हिंदुस्थानात बायकांना वकिलीचा हक्क देणारा कायदा यायला १९२३ उजाडलं. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. तुम्हाला निदान कायद्याची वाट बघायची नाही.

उपयोगाचं विचारलंत म्हणून एक सांगते. हक्कसोडपत्र. वडील वारले की तेराव्याच्या मागेपुढे भाऊ बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाकडे आणतात, बहिणी सह्या-अंगठे करतात, दुपारी हॉटेलात जेवण, संध्याकाळी सासरी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं दिलं. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असले-नसले तरी हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं. कागदावर हक्क आणि दुसऱ्या कागदावर तो सोडल्याची सही. वकील दोन्हींच्या मध्ये बसलेला असतो, आणि फी भावाकडून आलेली असते.

मीही अशी कितीतरी हक्कसोडपत्रं केली आहेत. पुढेपुढे एक शिरस्ता ठेवला. सहीआधी बहिणीला पाच मिनिटं एकटीला आत बोलवायचं, दार लोटायचं आणि सातबारा समोर ठेवून विचारायचं, ‘कुठला गट, किती आर, विहिरीत किती हिस्सा, हे सोडताय ते ठाऊक आहे ना?’ भाऊ बाहेर येरझाऱ्या घालतो. काही भाऊ पुन्हा माझ्याकडे आलेच नाहीत, बाजूच्या टेबलावर गेले.

खरं सांगू, बहुतेक बहिणींनी तरीही सही केली. ‘माहेर तुटायला नको, बाई.’ त्यांचा निर्णय, मी कोण बोलणार. पण त्या बाहेर जाताना वेगळ्या जायच्या. एक तर म्हणाली, ‘सोडायचं तर सोडते, पण इकतं हाय ते कळलं तरी.’ आणि एकीनं दार उघडून भावाला सांगितलं की आंब्याखालचे दहा गुंठे मी ठेवणार. भाऊ आधी चिडला. नंतर तिनं तिथं शेड टाकून कोंबड्या पाळल्या, आणि अंडी भावाच्याच दुकानात विकायला ठेवली.

तुम्ही सेहेचाळीसच्या आहात, सासर-माहेर दोन्हींचं राजकारण तुम्ही कोळून प्यायलात. दार लोटून समोर बसलेल्या बाईला तुमच्याशी बोलताना पंचवीस वर्षांच्या मुलापेक्षा सोपं जाईल. एवढा उपयोग पुरे का?

मॅडम, मी २५ वर्षांचा, जिल्हा न्यायालयात ज्युनियर. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल. दोन वर्षं फक्त तारखा घेतोय. सीनियर महिन्याला चार हजार देतात. मित्र न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करतात; मीही करणार, पण आता तीन वर्षांची वकिली सक्तीची झाल्यामुळे एक वर्ष अजून हेच. दिवस वाया चाललेत असं वाटतं. — एक ज्युनियर

बरं, अरे-तुरे.

चार हजार कमी आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारस केली आहे : ज्युनियरला शहरात किमान वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा. शिफारस आहे, सक्ती नाही. ते परिपत्रक घेऊन सीनियरांच्या केबिनमध्ये जा असं सांगणार नाही. हा अंक त्यांच्या टेबलावर विसरून ये.

तीन वर्षांची अट सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२५ ला परत आणली. मला ती पटते. एकदाही तारखेला ताटकळलेला नाही असा माणूस डायसवर बसला, की समोरचे सगळे त्याला नुसते केस नंबर दिसतात.

तू म्हणतोस फक्त तारखा घेतो. मीही दोन वर्षं तेच केलं. आमच्या साहेबांची एकच अट होती : रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची फाइलीतली नोंद, पहिल्या पानापासून वाचल्याशिवाय तारीख मागायची नाही. वैताग यायचा. शिरस्तेदार फाइल द्यायला कुरकुरायचे. दुसऱ्या वर्षी एका वाटपाच्या दाव्यात अशीच पानं उलटताना समन्सच्या मागं बेलिफाचा शेरा दिसला : प्रतिवादी क्रमांक तीन मयत. तारीख बघितली तर तीन वर्षांपूर्वीची. दावा आमचा, वादी आमचे. मयताचे वारस नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आणायचे असतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो. तीन वर्षं दोन्हीकडचे वकील अदबीनं तारखा घेत होते आणि क्रमांक तीनचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं.

पळत साहेबांकडे गेले. वाटलं, ओरडतील. त्यांनी फाइल घेतली, शेरा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘चूक माझी. अर्ज तू कर. युक्तिवादही तूच करायचा.’ विलंबमाफीचा अर्ज मी चार वेळा लिहिला. टायपिस्ट कंटाळला. कोर्टापुढे माझा आवाज इतका लहान निघाला की न्यायाधीशांनी ‘जरा मोठ्यानं’ म्हणून सांगितलं. अर्ज मंजूर झाला, समोरच्यांना दीडशे रुपये खर्च द्यायच्या अटीवर. ते साहेबांनी पक्षकाराकडून घेतले नाहीत, बार रूममध्ये सगळ्यांदेखत स्वतःच्या खिशातून काढून दिले. तेव्हा माझा महिना अडीचशे होता.

सोमवारी तुमच्या किती फाइली बोर्डावर आहेत? त्यातली सगळ्यात जुनी रविवारी काढ. काय सापडलं ते लिहून पाठव. तिकिटाचे पैसे मी देते.